पडद्यावरून काट्यांवर येताना

«मॅडम, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, वय २४. कमर्शियल पायलट लायसन्स हातात आहे. माझं जवळजवळ सगळं शिक्षण ग्लास कॉकपिटच्या, म्हणजे काट्यांऐवजी पडदे असलेल्या सेसना १७२ वर झालं. आता परराज्यातल्या एका फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टर व्हायची तयारी करतोय. इथं ग्लासचं विमान एकच, बाकीची जुनी, गोल डायलची. गेल्या महिन्यात जुन्या १७२ वर एकटाच क्रॉस-कंट्रीला गेलो होतो. हवा धुरकट होती. टर्निंग पॉइंटवरून वळलो, पण वीस मिनिटांनी जो पूल दिसायला हवा होता तो दिसलाच नाही. मग लक्षात आलं, डीजी (दिशा दाखवणारा डायल) आणि होकायंत्र यांच्यात १८ अंशांचा फरक पडला होता. डीजी मी टेकऑफच्या आधी लावला होता, नंतर पन्नास मिनिटं त्याला हात लावला नव्हता. नशिबानं रेल्वे लाइन सापडली, ती धरून परत आलो. कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून काट्यांच्या विमानात बसलो की छातीत धडधडतं. सीनियर मंडळी आधीच मला ‘व्हिडिओ गेमवाला’ म्हणतात. मला फक्त ग्लासचंच विमान द्या, असं सांगून टाकू का? पुढे एअरलाइनमध्ये सगळं ग्लासच असणार, मग या जुन्या काट्यांसाठी जीव काढण्यात अर्थ आहे का? — स. (नाव छापू नये)»

प्रिय स.,

रेल्वे लाइन धरून घरी आलास हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आपण चुकलोय हे कळल्यावर गरगरत न बसता जमिनीवरची एक खात्रीची रेघ शोधायची आणि ती सोडायची नाही, हे तुला ऐन वेळी सुचलं. पुष्कळांना सुचत नाही. धडधडीचं पुढे बोलू. आधी ते १८ अंश नीट बघू, कारण तुझी भीती तिथंच अडकून बसलीय.

डीजी म्हणजे नुसता गायरो, वेगानं फिरणारं चाक. उत्तर कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. तू जमिनीवर होकायंत्र बघून जो आकडा लावून दिलास, तो धरून ठेवणं एवढंच त्याला जमतं, आणि तेही थोडा वेळच. खाली पृथ्वी फिरत असते, त्यामुळे आपल्या अक्षांशावर तासाला पाचेक अंश तर आपोआपच सरकतात. वर बेअरिंगचं घर्षण. अशा डीजीवर भरवसा ठेवून तू वळलास. शंभर नॉटनं वीस मिनिटं म्हणजे ३३ नॉटिकल मैल. एकास साठचा नियम तुला पाठ असेल, साठ मैलांवर एका अंशाला एक मैल. त्या हिशेबानं ३३ मैलांत १८ अंशांची चूक म्हणजे जवळपास १० मैल बाजूला. त्या धुरकटात १० मैलांवरचा पूल मलाही दिसला नसता. तेव्हा नकाशा वाचण्यात तू कच्चा आहेस असं मनात घेऊ नकोस. एक नॉब फिरवायचा राहिला, इतकंच झालं.

तो का राहिला, हे मात्र समजून घे. तू ज्या गार्मिन जी-१००० वर शिकलास, त्यात पंखात बसवलेला मॅग्नेटोमीटर उत्तर दिशा ओळखतो आणि पडद्यावरचं हेडिंग सतत बरोबर ठेवतो. तुझ्या सगळ्या तासांत तो नॉब तू एकदाही फिरवला नसशील, कारण त्या विमानात तो नाहीच. पुस्तकात वाचलं असशील, परीक्षेत लिहिलंही असशील, पण बोटांना सवय नाही.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे. कुठला आकडा कुठे दिसतो, हे काट्यांच्या विमानात दोन-तीन फेऱ्यांत कळतं. पण पडद्याचं विमान तुझी किती कामं गुपचूप करत होतं आणि त्यातली कुठली आता तुझ्या अंगावर आली आहेत, हे कुणी बसून सांगत नाही. वारा किती आणि कुठून, हे पडद्यावर छोट्या बाणात दिसायचं. आता ते तुला जमिनीकडे आणि घड्याळाकडे बघून काढायचंय. सहा सेकंदांनी वेग किती असेल ते दाखवणारी ट्रेंडची रेघ होती, ती गेली. इंधन किती उरलं हे मशीन सांगायचं. जुन्या १७२ चे इंधनाचे काटे हलतात, अडकतात. तिथं उड्डाणाआधी टाकीत डिपस्टिक बुडवून बघितलेलं आणि नंतर मनगटावरच्या घड्याळानं मोजलेलं, एवढंच खरं. (मनगटावर घड्याळ नसेल तर आजच घे. मोबाइल चालणार नाही.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बिघाडाची वर्दी. ग्लासमध्ये एखादा सेन्सर गेला की त्या जागी लाल फुली येते. साधन स्वतःच सांगतं, माझ्यावर विसंबू नका. जुनं साधन बिघडलं तरी काहीतरी दाखवतच राहतं, तेही अगदी खऱ्यासारखं.

हे मी अनुभवानं सांगतेय. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी मी रिकामं विमान परत आणत होते. खाली मळभ, वर ढग, मध्ये क्षितिज म्हणून काही नव्हतंच. ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे कृत्रिम क्षितिज, किंचित डावीकडे कललेला दिसला, मी उजवीकडे सावरलं. थोड्या वेळानं पुन्हा डावीकडे, पुन्हा सावरलं. तिसऱ्या वेळी नजर वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरवर गेली तर त्यातलं छोटं विमान चक्क उजवीकडे झुकलेलं, आणि होकायंत्रही हळूहळू फिरत होतं. दोन साक्षीदार एक सांगताहेत, तिसरा दुसरंच. सक्शन गेज बघितला तर काटा तळाला टेकलेला. हवा ओढून गायरो फिरवणारा व्हॅक्यूम पंप गेला होता. त्या पंपात कार्बनची पाती असतात, ती मोडतात तेव्हा आवाज नाही की धक्का नाही. पण गायरो लगेच थांबत नाही, काही मिनिटं हळूहळू मंदावत जातो आणि तेवढा वेळ तो खोटं क्षितिज दाखवतो. मी ते खोटं क्षितिज सरळ करत करत विमान उजवीकडे वळवत नेत होते. वहीचं पान फाडलं, दुमडलं आणि त्या डायलच्या कडेत खोचून तो झाकून टाकला. झाकल्याशिवाय नजर तिकडून हटतच नव्हती. मग विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर, उंची दाखवणारा आल्टिमीटर, वेगाचा काटा आणि होकायंत्र एवढ्यांवर घरी आले. उतरल्यावर बघितलं तर तळव्याच्या घामानं तपशील लिहिलेलं दुसरं पान ओलं झालं होतं.

म्हणून काट्यांच्या विमानात तुझ्या स्कॅनमध्ये, म्हणजे नजरेच्या फेरीत, सक्शन गेज हवाच. पाऱ्याचे साधारण साडेचार ते साडेपाच इंच, त्याखाली काटा आला की ॲटिट्यूड इंडिकेटर आणि डीजी दोघांवर एकदम संशय घ्यायचा. मी विद्यार्थ्यांना दर दहा मिनिटांनी मोठ्यानं म्हणायला लावते: घड्याळ, होकायंत्र, डीजी, सक्शन, इंधन. पुस्तक डीजीसाठी पंधरा मिनिटं सांगतं, मी दहा सांगते, कारण दहाचे पंधरा व्हायला एक लांबलेला रेडिओ कॉल पुरतो. मनात म्हणायचं नाही, तोंडानं म्हणायचं. एकटा असलास तरी.

डीजी लावताना पंख सरळ हवेत, वेग स्थिर हवा आणि होकायंत्र डुलायचं थांबलेलं हवं. वळणात किंवा वेग वाढताना होकायंत्र फसवतं. उत्तरेकडे वळताना ते मागे राहतं, दक्षिणेकडे वळताना पुढे पळतं. पूर्व-पश्चिमेला जाताना वेग वाढवला की उत्तरेकडे झुकतं. आपल्याकडे हा दोष युरोपपेक्षा कमी जाणवतो, कारण चुंबकीय कल (सुईचं जमिनीकडे झुकणं) इथं कमी आहे. शिवाय महाराष्ट्रात आणि मध्य भारतात मॅग्नेटिक व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) जवळजवळ शून्य, त्यामुळे नकाशावरची रेघ आणि होकायंत्र यांचं बरंचसं जुळतं. फक्त त्याच्याखाली चिकटवलेलं डेव्हिएशन कार्ड (विमानामुळेच होकायंत्रात पडणाऱ्या फरकाचा तक्ता) वाच आणि हेडसेट त्याच्याजवळ टांगू नकोस.

आता काटे वाचण्याबद्दल. पडद्यावर तू आकडे वाचत होतास, ते ठीकच होतं, तिथं आकडाच मोठा लिहिलेला असतो. काट्याचं तसं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजलेत हे आपण आकडे वाचून ओळखत नाही, काट्यांचा आकार बघून ओळखतो. वेगाच्या डायलवर ६५ नॉटला काटा कुठल्या कोनात उभा राहतो, त्याचं चित्र डोक्यात बसव. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, आकडा शोधायचा नाही, काटा आपल्या जागी आहे ना एवढंच बघायचं. ग्लासवरून आलेली मुलं इथं फार दमतात, कारण ती प्रत्येक डायलवर थांबून वाचतात आणि सहा डायल वाचून होईपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. नजर मधल्या ॲटिट्यूड इंडिकेटरवर ठेव, तिथून एका साधनाकडे जा, परत मध्ये ये, मग दुसऱ्याकडे.

एक तपासणी मात्र उद्याच कर. सेसनाची १९७६ च्या आधीची विमानं असतील, तर वेगाच्या डायलवर ठळक आकडे ताशी मैलांत असतात आणि नॉट आतल्या बारीक वर्तुळात. ६५ नॉट समजून तू ६५ मैलांवर फायनलला आलास, तर विमान प्रत्यक्षात ५६ नॉटवर असेल. जमिनीजवळ नऊ नॉट कमी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. जुन्या १७२ ला कार्बोरेटर आहे, तुझ्या आधीच्या विमानात फ्युएल इंजेक्शन होतं. पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा), ही सवयही तुला नव्यानं लावून घ्यावी लागेल. दमट हवेत बाहेर पंचवीस अंश असतानासुद्धा कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट अशी आहे की जी पॅनेल बदललं तरी बदलत नाही: नाक कुठे आणि पॉवर किती. एका शांत सकाळी कुणाला तरी शेजारी बसव आणि तुमच्या विमानाचे आकडे काढ. २,३०० आरपीएमला सरळ पातळीत नाक क्षितिजाखाली किती दिसतं आणि वेग किती येतो. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) २,१०० ला किती. १,५०० आणि दोन टप्पे फ्लॅपला उतरण्याचा दर किती. प्रत्येक विमानाचे आकडे थोडे निराळे निघतात, म्हणून माझे घेऊ नकोस, तुझे काढ आणि वहीत लिही. मग एखादा काटा बिघडला, पडदा काळा झाला, तरी विमान उडवण्यापुरतं तुझ्याजवळ असतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. मोठ्या विमानात वेगाची साधनं अविश्वासार्ह झाली, तर तिथलीही पद्धत हीच असते, ठरावीक पिच (नाकाचा कोन) आणि ठरावीक थ्रस्ट (इंजिनाचा जोर). एअरलाइनमध्ये पडदेच असतील, खरं आहे. पण तिथंही स्टँडबाय साधनं असतात आणि ज्या दिवशी ती लागतील त्या दिवशी सावकाश शिकायला वेळ नसेल. आज तुला तो वेळ आहे, आणि शिकताना तासही वाढताहेत.

तू इन्स्ट्रक्टर होणार आहेस, म्हणून उलट्या बाजूचंही सांगते. काट्यांवरून पडद्यावर येणाऱ्यांना सोपं जातं, असा समज आहे. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डानं २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेली एका इंजिनाची हलकी विमानं घेतली आणि ग्लासची व काट्यांची तुलना केली. ग्लासच्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. त्यामागे विमानांच्या वापरातला फरकही होता. ग्लासवाली लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत जास्त जायची, काट्यांची बरीचशी शिकवण्यासाठी वापरली जायची. तरी बोर्डानं बजावलं की नुसता पडदा बसवून सुरक्षितता वाढलेली नाही, त्या-त्या यंत्रणेचं वेगळं शिक्षण हवं. मला हे मनापासून पटतं. मी पहिल्यांदा ग्लासवर आले तेव्हा सर्किटमध्ये, डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं जाताना), एक पान शोधत नॉब फिरवत बसले होते. मान वर केली तेव्हा एक विमान डावीकडून माझ्याच उंचीवर येत होतं, इतकं जवळ की त्याच्या पंखावरची अक्षरं वाचता आली. माझे तेव्हा दोन हजारांवर तास झाले होते. त्या दिवसापासून माझा नियम आहे: सर्किटमध्ये पडद्याची पानं उघडायची नाहीत, जे लावायचं ते जमिनीवर लावायचं.

ग्लासमध्ये आणखी एक चूक नेहमी होते. पडद्यावरचं बॅरो (उंची बरोबर दिसावी म्हणून लावायचा हवेचा दाब) बदलतात आणि खालच्या स्टँडबाय आल्टिमीटरवर जुनाच दाब (क्यूएनएच) राहतो. दोन्ही लावायची सवय तुझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लाव.

एकाच दिवशी दोन्ही प्रकारची विमानं उडवायची वेळ तुझ्यावर येणारच. इंजिन सुरू करण्याआधी एक मिनिट नुसता बस. डीजीचा नॉब, आल्टिमीटरचा नॉब, सक्शन गेज, कार्ब हीट, एकेकाला बोट लाव आणि म्हण, «आज काटे». पडद्याच्या विमानात उजळणी वेगळी: स्टँडबाय साधनं, स्टँडबाय बॅटरी आणि एक पडदा गेला तर सगळं दुसऱ्या पडद्यावर आणणारं ते लाल बटण. हे पोरकट वाटलं तरी कर. हाताला कळलं पाहिजे आपण कुठे बसलोय. घरी सरावासाठी एक्स-प्लेनमध्ये सेसना १७२ दोन्ही पॅनेलांत मिळते. जुन्या पॅनेलचा व्हॅक्यूम बंद पाड आणि किती सेकंदांत तुझ्या लक्षात येतं ते मोज. तेही नसेल तर तुमच्या विमानाच्या पॅनेलचा मोठा फोटो काढून भिंतीवर लाव आणि खुर्चीत बसून पूर्ण सर्किट उडव.

आता तुझा मुख्य प्रश्न. फक्त ग्लासचं विमान द्या, असं सांगू नकोस. सांगितलंस तर ही धडधड तशीच राहील, आणि एखाद्या दिवशी ग्लासचं विमान दुरुस्तीला गेलं की तिच्यासकट काट्यांच्या विमानात बसावं लागेल, शेजारी विद्यार्थी असताना. त्याऐवजी चीफ इन्स्ट्रक्टरना एकट्यानं भेट आणि घडलं ते सगळं सांग, डीजीसकट, पुलासकट. मग तीन ड्युअल सॉर्टी (शेजारी इन्स्ट्रक्टर घेऊन उड्डाणं) माग. पहिलीत तुझे पिच आणि पॉवरचे आकडे. दुसरीत पार्शल पॅनेल, म्हणजे ॲटिट्यूड इंडिकेटर आणि डीजी झाकून टायमिंगची वळणं. सेकंदाला तीन अंश, अर्धं वर्तुळ एका मिनिटात. तिसरी त्याच मार्गावर, जीपीएस बंद, नकाशा मांडीवर, त्या पुलापर्यंत. तो पूल तुला स्वच्छ हवेत दिसला पाहिजे. धडधड तिथं कमी होईल, घरी बसून होणार नाही. या तीन सॉर्टी होईपर्यंत काट्यांच्या विमानातून कुणाला नॅव्हिगेशन शिकवायला जाऊ नकोस. तास बुडतील, बुडू देत.

‘व्हिडिओ गेमवाला’ म्हणणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्यांना जे येतं ते तुला शिकवणं त्यांचं काम होतं. त्यांच्यापैकी जो सगळ्यात अनुभवी असेल, त्यालाच जाऊन विचार, «सर, व्हॅक्यूम गेला तर तुम्ही आधी काय बघता?» बहुतेक लोक असा प्रश्न विचारला की चिडवायचं विसरतात आणि शिकवायला लागतात. नाहीच शिकवलं, तर मला लिही.

आणि एक राहिलं. चांगल्या स्थितीतला डीजी पंधरा मिनिटांत तीन अंशांपेक्षा जास्त सरकायला नको. पन्नास मिनिटांत दहा अंश गेले असते तर मी तुझ्या विसरण्यावर सोडलं असतं. तुझे अठरा गेलेत. म्हणजे त्या गायरोचं बेअरिंग बहुतेक झिजलंय, आणि तू गप्प बसलास म्हणून गेला महिनाभर तेच विमान तोच डीजी घेऊन उडतंय, कदाचित एखाद्या सोलो विद्यार्थ्याला घेऊन. चीफना भेटायला दोन दिवस लागले तरी चालतील. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या वहीत) ही नोंद मात्र आजच कर.

तुझी,
मॅडम